तिसऱ्या जागेवरची अक्का

संगमनेर,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. सत्यशीला अक्का,
आदिनाथचा नमस्कार.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, हे तुझ्या निकितानं सांगितलं. मी रोज सकाळी कमळावरचे सुविचार पाठवत होतो, त्यांचा तुला त्रास झाला असावा. माझ्या मनात त्याबद्दल यत्किंचितही राग नाही. उलट पत्र लिहिताना मन स्थिर राहतं, त्यामुळे झालं ते बरंच झालं.

रिटायर झाल्यावर मन सैरभैर झालं होतं. जुलैत दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आलो. दहा दिवस मौन. आता दर रविवारी इथल्या विहारात मनकर्णाबाईंकडे बसायला जातो. त्या रिटायर्ड नर्स आहेत, फारसं बोलत नाहीत, चहा मात्र चांगला करतात. रोज पहाटे साडेचारला उठून मी मैत्रीभावना करतो. म्हणजे काय, तर तीन माणसांना मनासमोर बसवायचं आणि त्यांचं भलं चिंतायचं. पहिल्या जागेवर आपलं लाडकं माणूस. तिथे माझा नातू ओम. दुसऱ्या जागेवर असं माणूस, ज्याच्याबद्दल आपल्याला चांगलं-वाईट काहीच वाटत नाही. तिथे गॅसची टाकी आणणारा अंगद. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं, मुद्दाम विचारून घेतलं. आणि तिसऱ्या जागेवर असं माणूस, ज्याची आठवण आली की मन कडू होतं.

अक्का, तिसऱ्या जागेवर मी तुला बसवलं आहे.

रागावू नकोस. हा एक प्रकारे मानच आहे. जाणकार सांगतात की तिसरं माणूस हाच आपला खरा गुरू. सुरुवातीला तुझा चेहरा समोर आला की छातीत जळायचं. त्या दिवशी शीतकरण केंद्रावर तू दुधाच्या कॅनवर हात ठेवून उभी होतीस, तशीच दिसायचीस. आता तसं होत नाही. "सत्यशीला सुखी होवो, सत्यशीला निर्वैर होवो," असं म्हणत मी शांत बसू शकतो. मी तुला पूर्णपणे क्षमा केली आहे.

हल्ली तुला झोप बरी लागते का? लागत असेल तर कळव.

तुझा,
आदिनाथ


खडकवस्ती, ता. जामखेड,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. आदिनाथ,
आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला असं समज.

पत्र पोचलं. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, एवढीच म्हण आजवर मला ठाऊक होती. तू तिच्यापुढे एक पायरी चढलास. देवपूजेला बसलास आणि ज्याच्या डोक्यात दगड घातला त्यालाच माफ करून मोकळा झालास.

झोपेचं विचारलंस. साडेचारला मीही उठते. तू तिकडे उशीवर बसून मला सुखी करत असतोस, तेव्हा मी इकडे गाईंखालचं शेण ओढत असते. तुझी मैत्री अजून गोठ्यापर्यंत पोचलेली दिसली नाही. जामखेडच्या एसटी स्टँडवर उतरून चहा पीत बसली असेल.

आता मला एकच सांग. मी तुझं काय बिघडवलं होतं? तिसऱ्या जागेवर शत्रू बसवतात ना? मग माझा गुन्हा तरी कळू दे.

तुला विसरायला झालं असेल, म्हणून मीच आठवण करून देते. २०१५ चा मे महिना, दुष्काळ. गावातल्या चौदा बायकांचं दूध मी माझ्या ओसरीवर गोळा करायची आणि टेम्पोनं तुझ्या केंद्रावर पाठवायची. त्या दिवशी टेम्पोबरोबर मी स्वतः आले होते. तू काचेची कांडी दुधात सोडलीस, आकडा वाचलास आणि म्हणालास, "पंचवीस. पाणी आहे." मी म्हटलं, पुन्हा बघ. तू बघितलं नाहीस. कॅन गटारात ओतायला लावलास, तोही माझ्याच हातानं. चाळीस माणसं बघत होती. "बहीण असली म्हणून काय झालं?" हे वाक्य तू दोनदा म्हणालास. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

पुढच्या वर्षी तुला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, 'सख्ख्या बहिणीलाही न सोडणारा प्रामाणिक कर्मचारी' म्हणून मानपत्राची चौकट मिळाली. ती अजून तुझ्या दिवाणखान्यात टांगलेली आहे, असं निकिता सांगते. मलाही गावानं एक पदवी दिली. पाणीवाली. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, माझं काही बदललं नाही.

माझं राहू दे. मी आता साठीची झाले, मला कुठे मिरवायचं आहे? पण निकिता बीएस्सी करून गावात परत आली आहे. बायकांचं दूध संकलन केंद्र तिला पुन्हा सुरू करायचं आहे. सगळं गाव सध्या आबासाहेबांच्या डेअरीवर दूध घालतं आणि ते धरतील ते माप मान्य करून घरी येतं. दूधवाल्या कंपनीनं निकिताला सांगितलं आहे, ३१ जानेवारीपर्यंत रोज दीडशे लिटर जमवून दाखव, मग आमची गाडी तुझ्या दारात. आज जमतं बावीस. त्यातलं सोळा आमच्याच गाईंचं. पोरगी दारोदार फिरते आणि बायका तोंडावर सांगतात, "पानीवालीची पोरगी ना तू? नगं बाई."

तेव्हा माझ्यावर मैत्री करू नकोस. गावात ये आणि चार माणसांत एक वाक्य बोल, "माझ्या बहिणीनं दुधात पाणी घातलं नव्हतं." तेवढं झालं की हवं तर आयुष्यभर उशीवर बस.

सत्यशीला


संगमनेर,
६ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. तो कुठे उठतो, कसा मावळतो, ते मी पाहत राहिलो. तिसऱ्या वाचनाला मन स्वच्छ होतं. एवढ्यासाठीसुद्धा तुझे आभार मानायला हवेत.

मनाच्या शिकवणीत एक फार मोठी गोष्ट सांगितली आहे. वाद झाला की जीत दुसऱ्याला द्यावी, हार आपण घ्यावी. दोष कोणाचा हे शोधत बसू नये, सगळा दोष आपल्याकडे ओढून घ्यावा. म्हणून अक्का, मी सगळा दोष माझ्याकडे घेतो. तुझ्या माझ्यात जे काही घडलं असेल, त्या सगळ्याचा. लिहिताना मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्या दिवसाच्या आकड्याबद्दल म्हणशील, तर इतक्या वर्षांनी नेमकं काय सांगणार? उन्हाळा होता, गर्दी होती. आकडा चुकलाही असेल. पण जुनी राख उकरून कोणाचं भलं होतं? निकिताला माझा निरोप सांग. लोक काय म्हणतात ते फक्त आवाज असतात, येतात आणि जातात. तिनं रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यावं.

रविवारी भाऊबीज झाली. दरवर्षीसारखा याही वर्षी मी मनानं तुझ्या पाटावर बसलो होतो. तुझ्यासाठी रोजची बैठक आता अर्ध्या तासानं वाढवतो आहे.

तुझा,
आदिनाथ


खडकवस्ती,
१५ नोव्हेंबर २०२४

आदिनाथ,

मनानं पाटावर बसलास तर लाडूही मनातच खाल्ला असशील. गोड लागला असेल अशी आशा आहे.

सगळा दोष घेतलास म्हणे. सगळा दोष घेणारा माणूस त्यातला एकही घेत नसतो. बाजारात "सगळंच द्या" म्हणणारं गिऱ्हाईक काहीही न घेता जातं, तसं. मला सगळा नको. एक दे. त्याला तारीख असेल, वार असेल, आकडा असेल असा एक.

आणि निकिताला श्वासाचं सांगतोस? उंटावरून शेळ्या हाकायला तुला एवढाच उंट मिळाला? पोरीचा श्वास कसा चालतो ते मला विचार. सायकलला दोन कॅन लावून पहाटे पाच वस्त्या फिरते आणि रिकामे कॅन वाजवत परत येते. त्या रिकाम्या कॅनांचा आवाजही येतो आणि जातो. माझ्या कानातून मात्र जात नाही.

तुला एक गोष्ट आजवर बोलले नव्हते, आता बोलते. मी पाणी घातलं नाही हे मला माझ्या मरणाइतकं पक्कं ठाऊक आहे. पण आकडा पंचवीस आला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग पाणी आलं कुठून? चौदा कॅनांपैकी एकीच्या कॅनातून आलं असणार. ती एक दगडाबाई. तिची म्हैस त्या महिन्यात आटत आली होती आणि तिचं माप मात्र कमी होत नव्हतं. मी तिला तोंडावर विचारलं, तिनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. खोटी शपथ! तेव्हापासून तिच्या दारावरून जाताना मी तोंड फिरवते. दहा वर्षं होत आली. असल्या बाईबरोबर एका गावात राहायचं म्हणजे तुझ्यासारख्या नाकानं कांदे सोलणाऱ्यालाही चांगलं म्हणायची पाळी.

तू फक्त एवढं म्हण की चौकशी न करता तू एकट्या माझ्यावर आळ टाकलास. बाकीचं मी बघून घेईन.

सत्यशीला


संगमनेर,
९ डिसेंबर २०२४

ती. अक्का,

आनंदाची बातमी. आबासाहेबांचा फोन आला होता. माझ्या साधनेबद्दल त्यांनी कुठेतरी ऐकलं. २२ तारखेला रविवारी मारुतीच्या सभामंडपात माझं व्याख्यान ठेवलं आहे, 'करुणा आणि ताणमुक्त जीवन'. मी लगेच हो म्हटलं.

तू म्हणत होतीस ना, गावात येऊन चार माणसांत बोल? चार नाही, दोनशे येतील. तुझ्याबद्दल जे बोलायचं ते मी तिथेच बोलणार आहे. मनातली गाठ सगळ्या गावासमोर सुटावी, अशी माझी इच्छा आहे. तू आणि निकिता पुढच्या रांगेत बसा.

दगडाबाईविषयीचं तुझं पत्र वाचून दोन दिवस झोप लागली नाही. का, ते सांगता येत नाही. ध्यानात तुझ्याशेजारी आता तीही येऊन बसते.

तुझा,
आदिनाथ


खडकवस्ती,
२४ डिसेंबर २०२४

आदिनाथ,

आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो. निकितानं नवा ड्रेस घातला होता. मी दहा वर्षांत पहिल्यांदा सभामंडपात पाय ठेवला. तू बोलणार म्हणून.

तू बोललास. अर्धा तास सगळ्यांना डोळे मिटायला लावलेस. मागे पोरं हसत होती, त्यांच्यावरही तू करुणा केलीस. मग गळा भरून आणून म्हणालास, "याच गावातल्या माझ्या एका फार जवळच्या व्यक्तीकडून पूर्वी एक चूक झाली. मला कर्तव्य करावं लागलं. आज मी त्या व्यक्तीला तुमच्या सर्वांसमोर मनापासून क्षमा करतो. तुम्हीही करा."

आणि मंचावरून उतरून माझ्या पाया पडलास!

टाळ्या किती वाजल्या, ऐकल्यास ना? आबासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. फोटो निघाले. घरी जाताना एक म्हातारी माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "भाऊ देव हाय तुजा. आता तरी सुदर."

मी साठ वर्षांची बाई, आदिनाथ. एका म्हातारीनं मला सुधरायला सांगितलं आणि मी मान डोलावली. कारण दुसरं काय करणार होते? तुझा हात माझ्या पायांवर आणि दोनशे माणसं बघत. २०१५ ला चाळीस होती. तेव्हा कॅन ओतायला लावलास, या वेळी मलाच ओतलंस.

ज्यांना विसर पडला होता त्यांनाही आता आठवलं. ज्या सुना नंतर नांदायला आल्या, त्यांनी घरी जाऊन सासूला विचारलं, कसली चूक? काल सकाळी बावीसचं सोळा झालं. ज्या दोघी दूध घालत होत्या त्याही आबासाहेबांकडे गेल्या. निकिता रडली नाही. तिनं रिकामा कॅन घासून ठेवला, जो घासायची गरजच नव्हती.

चोराच्या उलट्या बोंबा आजवर ऐकल्या होत्या. पण चोरानं बोंबा न मारता डोळे मिटून आशीर्वाद द्यावेत, हे तुझ्याकडून शिकले. मला तुझी कीवही येत नाही. किळस येते. तुझा राग परवडला असता, कारण रागात माणूस समोरच्याला निदान बघतो तरी. तुझ्या या प्रेमात मी कुठेच नाही. तिथे तू आहेस, तुझी उशी आहे आणि तिसऱ्या जागेवर माझ्या नावाची एक बाहुली आहे.

यापुढे पत्र टाकू नकोस. टाकलंस तरी पाकीट फोडणार नाही.

सत्यशीला


संगमनेर,
५ जानेवारी २०२५

अक्का,

पाकिटावर निकिताचं नाव घातलं आहे. तू फोडणार नाहीस, ती फोडेल. निकिता, हे आईला वाचून दाखव. पूर्ण.

गावाहून आलो तो हवेतच होतो. रविवारी मनकर्णाबाईंना सगळं रंगवून सांगितलं. पाया कसा पडलो, लोक कसे रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिनं नेमकं काय केलं होतं तुमचं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. एकदा एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं. तेव्हा मी मैत्री करत बसले नाही. पळत जाऊन डॉक्टरला सांगितलं. आधी सांगितलं, मग बसले. तुम्ही उलट्या क्रमानं करताय."

म्हणून आता सांगतो. वार मंगळवार, १९ मे २०१५.

दुधाचा नमुना गार करून मगच लॅक्टोमीटर सोडायचा असतो. गरम दूध पातळ, त्यात कांडी जास्त बुडते, आकडा कमी दिसतो. शुद्ध दूधही पाण्याचं वाटतं. त्यासाठी आमच्याकडे गार पाण्याचा एक हौद होता. त्या दिवशी टँकर आला नव्हता, हौद कोरडा होता. भर दुपारी तापलेले कॅन आले. मी तसेच तपासायला घेतले.

तुझ्या आधी एकोणीस गावांचं दूध तपासलं, अक्का. एकोणीसच्या एकोणीस गावांचा आकडा पंचवीस-सव्वीसच येत होता. दूध गरम आहे हे मला कळत होतं, म्हणून प्रत्येकाला अंदाजानं अडीच-तीन वाढवून धरले आणि पास केलं. मग तुझा टेम्पो लागला. त्याच आठवड्यात कोणीतरी केंद्राच्या साहेबांच्या कानावर घातलं होतं की आदिनाथ बहिणीचं दूध न तपासता घेतो. साहेब त्या दिवशी माझ्या मागेच उभे होते. तुझा आकडा पंचवीस आला. वाढवले असते तर ते म्हणाले असते, बघा. मी वाढवले नाहीत.

म्हणजे आकडा चुकला, हे मी मागे लिहिलं तेही खोटंच होतं. आकडा चुकला नव्हता. एकोणीस गावांना जे दिलं ते मी तुला दिलं नाही, कारण तू माझी बहीण होतीस. ओतलंस ते दूध चांगलं होतं. तुझं, तेरा जणींचं आणि दगडाबाईचंही. तिची शपथ खरी होती.

संध्याकाळी टँकर आला. बाजूला ठेवलेला तुझा नमुना मी गार करून पुन्हा पाहिला. अठ्ठावीस, म्हणजे शुद्ध. बाटली धुऊन टाकली.

तुला पाहिलं की मन कडू व्हायचं ते यामुळे. तुझा राग नव्हता तो. तू दिसलीस की ती बाटली दिसायची. त्याला मी तुझ्याबद्दलचं वैर समजलो आणि वैर जिंकायला बसलो.

चौकट भिंतीवरून काढली आहे. त्यात काही मोठेपणा नाही, भिंतीवर तिचा चौकोनी डाग राहिला आहे आणि सून विचारते, तिथे काय लावायचं.

हे पत्र तू गावात दाखवू शकतेस.

आदिनाथ


खडकवस्ती,
१३ जानेवारी २०२५

आदिनाथ,

पत्र निकितानं वाचलं. दगडाबाईच्या शपथेपर्यंत आली आणि थांबली. पुढचं मी स्वतः वाचलं.

ते मी कोणालाही दाखवणार नाही. पाणीवाली बाई भावानं लिहिलेला कागद घेऊन दारोदार फिरली, तर लोक म्हणतील कागदही हिनंच लिहिला. तुझी बाटली तू धू, तुझा कागद तू वाच.

येत्या रविवारी, १९ तारखेला, सकाळी सहा वाजता आबासाहेबांच्या डेअरीच्या ओट्यावर ये. सगळ्या बायका तिथेच दूध घालतात. भाषण नको. डोळे मिटायचे नाहीत, कोणालाही मिटायला लावायचे नाहीत. माझ्या पायाला हात लावायचा नाही. कांडी घेऊन ये.

निकिता जामखेडला जाऊन हे स्पीड पोस्टानं टाकते आहे. पोचलं नाही असं म्हणू नकोस.

सत्यशीला


खडकवस्ती,
२ फेब्रुवारी २०२५

आदिनाथ,

नमस्कार-आशीर्वाद काय लिहावं हे ठरत नाही, म्हणून तारखेवर भागवते.

१९ तारखेला ओट्यावर तू खाली मान घालून बादलीकडे बघत होतास, म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तू आबासाहेबांच्या ओट्यावर धारोष्ण दूध मागितलंस, तेव्हा द्यायला कोणी पुढे येईना. देवमाणूस आज दूध का मागतो, म्हणून बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी दगडाबाईनं तिची चरवी पुढे केली. का केली ते तिला विचारलं तर म्हणाली, "माजं दूद तपासायला मी कवा भ्याले व्हते?" तू कांडी सोडलीस, तीन बायकांना आकडा वाचायला लावलास. पंचवीस. लगेच मागून कोणीतरी फिसकन हसलं, "दगडाबाईनं पानी घातलं." तिचं तोंड असं उतरलं की मला माझं २०१५ चं तोंड दिसलं. ते मला तेव्हा आरशातही दिसलं नव्हतं.

मग तू भांडं गार पाण्याच्या बादलीत ठेवलंस आणि गप्प उभा राहिलास. दूध निवेपर्यंत पंधरा मिनिटं. आबासाहेब दोनदा म्हणाले, "आदिनाथराव, गाडीची येळ झाली, आटपा." तू हलला नाहीस. खरं सांगते, तुझ्या दहा दिवसांच्या मौनापेक्षा मला ती पंधरा मिनिटं जास्त पटली. पुन्हा कांडी सोडलीस. अठ्ठावीस. मग एकोणीस गावांचं सांगितलंस, साहेबांचं सांगितलंस, बाटली धुतल्याचंही सांगितलंस. आवाज चढवला नाहीस, पाडलाही नाहीस. मी टिपून घेतलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. बरं झालं. दगडाबाई काय बोलली ते मात्र तू ऐकलंस, कारण ती तुझ्या तोंडावरच बोलली. "धा वर्सं झाली, तुजी बहीन माज्या दारावरनं मान फिरवून जाती. माजं लेकरू धा वर्सं खोट्या शपथेचं लेकरू म्हनून वाढलं. ती धा वर्सं कोन देनार, तू?" तू म्हणालास, "न्हाई देता येत." एवढंच. मला वाटलं होतं आता तरी एखादा सुविचार काढशील.

तू एसटीला गेल्यावर बायका पांगल्या. दगडाबाई चरवी उचलून चालू लागली आणि मी तिच्या मागून. आदिनाथ, तुला नावं ठेवायला मला तीन महिन्यांत चार पत्रं लागली, शब्द कधी कमी पडले नाहीत. तिला हाक मारायला मला अख्खी गल्ली पुरली नाही. तिच्या दारात पोचल्यावर म्हणाले, "दगडे, मी तुला चोर समजत होते." ती म्हणाली, "आन् मी तुला. मला वाटायचं टेम्पोत तूच वतलंस." मग म्हणाली, "ये आत, थंडीत उभी ऱ्हाऊ नगंस."

म्हणजे तुझ्या संगमनेरच्या उशीवर तू मला तिसऱ्या जागेवर बसवलंस, तेव्हा माझ्या घरी तिसऱ्या जागेवर दगडाबाई होती आणि तिच्या घरी मी. फरक इतकाच की आम्ही त्याला साधना म्हणत नव्हतो. माझ्या मान फिरवण्यात किती तोरा होता ते आता कळतं. बरं वाटत नाही. पण तुला ते सांगते आहे ते बरं वाटावं म्हणून नाही.

३१ तारखेला एकशे सव्वीस लिटर जमलं. दीडशे झालं नाही. कंपनीनं निकिताला मार्चअखेरपर्यंत मुदत दिली. दगडाबाई पहाटे निकिताच्या सायकलपुढे चालते आणि ज्या दारात कॅन पुढे येत नाही तिथे असा काही तोंडाचा पट्टा सोडते की ऐकत राहावं. तिच्यावर कोणी मैत्री करायला जाऊ नये.

आता तुझं. मी तुला माफ केलेलं नाही. होईल की नाही, सांगता येत नाही. नंबर ब्लॉकच राहील, कारण ती कमळं मला खरंच सहन होत नाहीत.

पण काल शेण ओढताना सहज करून पाहिलं, तुझ्यासारखं. पहिल्या जागेवर निकिता बसली. तिसऱ्या जागेवर तुला बसवायला गेले, तर तू तिथे नीट बसेनास. शत्रू म्हणावं तर तो दूध निवायची वाट बघत उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पहिल्या जागेवर घ्यावं एवढी काही मी वेडी झालेली नाही. तेव्हा मधल्या जागेवर, ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही त्या माणसांत, तुला बसवलं आहे. तुझ्या त्या गॅसच्या टाकीवाल्या अंगदच्या शेजारी. त्याच्याशी नीट वाग.

आणि तुझ्या यादीतही माझी जागा बदल. मलाही तिथेच आण. आपण दोघं आधी ओळख नसलेली माणसं होऊ, मग पुढचं पुढे.

सत्यशीला अक्का